धिरडे पंगतीला का बसले नाही

माधवनगरच्या आसपास, म्हणजे सांगली, बुधगाव आणि मिरजेच्या टापूत, धिरडे हे घरचे खाणे आहे. ज्वारीच्या पिठाचे, डाळ वाटून केलेले, गूळ घातलेले गव्हाचे. सकाळी चुलीपाशी बसून तव्यावरून थेट ताटात घेतलेले. याच मुलखात शेकडो माणसांचा स्वयंपाक उघड्यावर करण्याचे कसबही जुने आहे. यात्रेच्या महाप्रसादाला लांब चर खणतात, त्यात लाकडे पेटवतात, वर मोठमोठी पातेली आणि काहिली चढतात. त्यांतून भात, आमटी, गव्हाची खीर, शिरा निघतो. धिरडे मात्र तिथे नसते. ही अनुपस्थिती चवीची नाही, कंजुषीचीही नाही. आपण समुदायाला जेवू कसे घालत आलो, हे तिच्यातून कळते, असे माझे म्हणणे आहे.

पहिले कारण साधा हिशेब देतो. एक धिरडे पसरायला, उलटायला आणि काढायला तीन-चार मिनिटे लागतात. पाचशे माणसांना प्रत्येकी दोन म्हटली तरी हजार झाली. चार तवे अखंड चालवले तर बारा ते सतरा तास गेले. तेवढ्याच माणसांचा भात काही पातेल्यांत एकाच वेळी शिजतो. पण हिशेब म्हणजे पूर्ण उत्तर नव्हे, कारण तवे वाढवता येतात. कॅनडात कॅलगरीच्या जत्रेत 1923 साली जॅक मॉर्टन नावाच्या गाडीवानाने आपल्या गाडीपाशीच गोड धिरडी करून येणाऱ्याजाणाऱ्यांना खाऊ घातली आणि त्यातून शहरभर सकाळच्या धिरड्यांची प्रथा रुजली. तिथे ती चालली, कारण माणसे ताटली हातात घेऊन रांगेत उभी राहिली. ज्याचे धिरडे झाले, तो खाऊन बाजूला झाला. आपल्याकडे जेवणाचे एकक रांग नव्हते, पंगत होती. पंगतीत सगळी पाने मांडून होतात, सगळे पदार्थ वाढून होतात आणि मग सगळे एकदम सुरुवात करतात. शेजारच्या पानावर काही पडले नसताना आपण घास घेणे हा अपमान मानला जाई. अशा रीतीत जो पदार्थ एकेक करून जन्माला येतो आणि गार झाला की चामट होतो, त्याला जागाच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप मांड्यांचा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मांडे आहेत आणि धोसकही आहे, म्हणजे तव्यावरचे, खापरावरचे पदार्थ या भूमीत आठ-नऊशे वर्षे तरी मुरलेले आहेत. खानदेशात आजही लग्नकार्यात अंगणात चुली मांडून, खापर उपडे घालून बायका हातावर वाढवलेली पुरणाची पोळी त्यावर टाकतात. बेळगावचे मांडेही लग्नाचेच. मग समुदायाला एकेक भाजून घातले जात नव्हते असे कसे म्हणता? पण या दोन्ही उदाहरणांत वेळेचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला आहे. बेळगावचा मांडा पिठीसाखर भरून, घडी घालून ठेवतात. तो कोरडा असल्याने दिवसचे दिवस टिकतो. पंगत बसण्याच्या कितीतरी आधी तो तयार असतो. खानदेशी पोळीचे खापर एकटे नसते, त्यामागे भावकीतल्या आणि शेजारच्या अनेक हातांची फळी असते. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथा आठवावी. या भावंडांना विरोध करणाऱ्या विसोबाच्या धाकाने कुंभार खापर देत नाहीत, म्हणून ती पाठ तापते. कथेचा अर्थ भक्तीचा, हे खरेच. पण मांड्याला गावाचे सहकार्य लागते, ते तुटले की मांडा अडतो, हेही तिने सहज नोंदवून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे: भाकरीसुद्धा एकेकच होते, मग ती समुदायाला कशी पुरते? ती एका चुलीवर होत नाही, म्हणून पुरते. 1943 ते 1946 या काळात कुंडल आणि आसपासच्या गावांत इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या भूमिगतांना ज्या भाकऱ्या मिळाल्या, त्या घराघरांतून आल्या. कोणत्याही एका घराने पलटण जेवू घातली असती, तर त्या चुलीचा धूरच पोलिसांना वाट दाखवता. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी शिरले तेव्हाही पुराबाहेरच्या गावांत दारोदार भाकऱ्या-चपात्या गोळा झाल्या आणि टेम्पोंतून पूरग्रस्तांपर्यंत गेल्या. भाकरीला हे जमते, कारण ती गार झाली, वाळली तरी तिचे अन्नपण जात नाही. धिरड्याला हा गुण नाही. ते तव्यापासून दूर जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी माणसानेच तव्यापाशी यावे लागते.

पंगतीचे हे कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. सगळ्यांना एकदम वाढणारी ही रीत सगळ्यांना एकत्र बसवणारी नव्हती. जातीजातींच्या पंगती वेगळ्या असत आणि कुणाला शेवटी, कुणाला बाहेर, हे ठरलेले असे. म्हणून साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहाचे मोल मला मोठे वाटते. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली आणि जेवली. तिथे पंगत मोडली नाही, पंगतीत कोण बसणार ते बदलले.

आता लग्नाच्या लॉनवर गॅसच्या शेगड्यांवर रुंद लोखंडी तवे मांडलेले दिसतात, डोसे आणि उत्तप्पे गरमागरम उतरतात. मग माझे म्हणणे खोटे ठरले का? उलट, नीट पाहिले तर तवा आत आला तो पंगत बाहेर गेल्यावर. त्याच लॉनवर लोक ताटली घेऊन उभे आहेत, पुढच्याचे झाले की मागच्याचे, आणि कोण कुणाच्या पुढे उभा आहे याची चौकशी होत नाही. जिथे अजून पत्रावळ्या मांडून बसवतात, त्या यात्रांच्या महाप्रसादात आजही चर खणला जातो, काहील चढते आणि धिरड्याचे पीठ कोणी भिजवत नाही.