पूर्णाकाठचे ऋणमोचन

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर गाविलगड उभा राहतो, नरनाळा उभा राहतो. पूर्णेच्या काठच्या एखाद्या लहानशा खेड्यालाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. परंतु श्रोतेहो, आपल्या कुणब्याची कहाणी मला भातकुली तालुक्यातील ऋणमोचन या गावात सापडते.

येथे मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. पौषातल्या रविवारी यात्रा भरते. पूर्णेत स्नान केले की माणूस ऋणमुक्त होतो, अशी लोकांची श्रद्धा. शास्त्राने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. यात्रेला येणाऱ्या शेतकऱ्याच्या उरावर मात्र चौथे ऋण होते, ते सावकाराचे!

हे ऋण वाढले कसे? 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे जमिनीची मोजणी होऊन शेत गहाण टाकणे, विकणे सोपे झाले. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेत यादवी माजली. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून आमच्या कापसाचा भाव चढला. भाव चढला तसा कर्जासाठी हातही सैल झाला. युद्ध संपताच भाव उतरला. खतावरचा आकडा काही उतरला नाही.

1876 साली शेंडगावी जन्मलेल्या देबूजीने हे आपल्या घरातच पाहिले. वडील लहानपणी वारले. तो दापुऱ्यास मामाकडे वाढला, आणि मामाची जमीन सावकाराने गिळली. 1905 साली त्याने घर सोडले. तोच हा खराटा घेतलेला गाडगेबाबा!

ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी नदीकाठ झाडला. काळ्या मातीची दरड भिजली म्हणजे पाय ठरत नाही. तेथे त्यांच्या पुढाकाराने 1908 साली घाट बांधला गेला. कीर्तनात ते सांगत, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. स्नानाने सावकाराचे खत धुतले जात नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीपाशी, त्यांनी देह ठेवला. ही पेढी पुढे पूर्णेलाच मिळते. पौषात ऋणमोचनास जाल, तेव्हा देवदर्शन झाल्यावर तो घाटही एकदा पाहून या.