व्हर्च्युअल टूरची पणजी

इतिहास शिकवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे कुठलीही नवीकोरी गोष्ट दिसली की तिची पणजी शोधायची खोड काही जात नाही. हल्ली घर विकायला काढलं की 'व्हर्च्युअल टूर' करतात. संगणकावर बोट फिरवलं की दिवाणखाना गरकन फिरतो, पुढे टिचकी मारली की आपण स्वयंपाकघरात! हिची पणजी मला सापडली ती थेट एडिंबरात.

आयर्लंडमध्ये जन्मलेला रॉबर्ट बार्कर नावाचा चित्रकार तिथे राहत असे. आपण मध्ये उभे आणि चहूबाजूंनी चित्र, अशी कल्पना त्याने काढली आणि १७८७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. 'पॅनोरमा' हा शब्दही याच खटाटोपातून जन्मला. प्रेक्षकाला आधी अंधाऱ्या वाटेने आत न्यायचं, मग मधल्या चौथऱ्यावर उभं करायचं. उजेड वरून. चित्राची वरची कड छताआड, खालची चौथऱ्याआड. म्हणजे चौकट कुठे दिसतच नाही! माझ्या मते बार्करची खरी हुशारी रंगकामापेक्षा या कडा लपवण्यात होती. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपला संबंध यायलाही फार वेळ लागला नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टरने त्या हल्ल्याचं प्रचंड मोठं चित्र लोकांपुढे मांडलं. पोर्टर तेव्हा विशी ओलांडलेला तरुण. हिंदुस्थानात त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. लंडनकर मात्र श्रीरंगपट्टण 'पाहून' घरी गेले.

मधली शंभरेक वर्षं सोडून देतो. सिनेमा आला आणि गोल चित्रं मागे पडली. (हेगमधलं १८८१ चं मेस्दागचं चित्र मात्र अजून आहे, सुमारे १४ मीटर उंच.) 'व्हर्च्युअल टूर' हे नाव मिळालं ते इंग्लंडातल्या डडली किल्ल्यावर. १५५० साली तो कसा असेल, हे तिथे संगणकाने उभं केलं होतं आणि जून १९९४ मध्ये राणी एलिझाबेथ तिथल्या केंद्राच्या उद्घाटनाला आल्या. कार्यक्रमपत्रिकेत या प्रकाराला काहीतरी नाव हवं, म्हणून 'व्हर्च्युअल रिअॅलिटी' आणि 'रॉयल टूर' यांची सांगड घातली म्हणतात. लगेच १९९५ मध्ये अॅपलचं क्विकटाइम व्हीआर आलं. त्यात एका जागी उभं राहून काढलेले फोटो जोडून नळकांड्यासारखे गुंडाळत आणि आपण आतून पाहत असू. बार्करची गोल इमारतच की ही! २०१४ मध्ये मॅटरपोर्टचा कॅमेरा आला, तो खोलीची मापंही घेऊ लागला. २०२० च्या टाळेबंदीत तर घर पाहायचा दुसरा मार्गच उरला नाही.

आता त्या कडांकडे येऊ. रुंद भिंगाने दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. खिडकीबाहेरचा नाला, जिन्यातला वास, पाण्याची वेळ, शेजारची पिठाची गिरणी हे सगळं चौकटीबाहेर. बार्करच्या प्रेक्षकाचं नुकसान फार तर तिकिटाचं. इथे माणूस आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे हप्ते लावतो. २०१६ चा रेरा कायदा याबाबतीत मला बरा वाटतो. जाहिरात कुठल्याही माध्यमातली असो, ती किंवा नमुना सदनिका पाहून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहक व्यवहार सोडणार असेल, तर पैसे व्याजासकट परत. चटईक्षेत्र म्हणजे काय, हेही त्यात नेमकं सांगितलंय. पण हे झालं बिल्डरच्या नव्या बांधकामाचं. तुमच्याआमच्या जुन्या घराची फेरविक्री त्यात बसत नाही. तिथे विकणाऱ्याची जीभच काय ती.

आम्ही २०२१ मध्ये कोथरूडचं घर विकलं तेव्हा घेणारा मुलगा परदेशी होता. कॅमेरेवाल्याने घर असं काही टिपलं की मलाच विकू नये असं वाटलं! त्या मुलाचा फोन आला, "काका, मस्त आहे, करून टाकू." मी त्याला सांगितलं की बाबा रे, पश्चिमेची भिंत जुलैत ओल धरते आणि पहाटे पाचपासून रस्त्यावर गाड्यांचा आवाज असतो. ही आतून खुणा करत होती, "अहो, गिऱ्हाईक घालवाल!"

त्याने आपल्या मावशीला पाठवलं. तिने नळ सोडून पाहिले, भिंतीला तळहात लावला, खिडकी उघडून पाच मिनिटं नुसती उभी राहिली. मग खाली जाऊन वाण्याशी बोलून आली. रंगकामाचे आणि भिंतीच्या दुरुस्तीचे म्हणून भाव थोडा उतरवून मागितला, आम्ही दिला. पुढच्याच महिन्यात खरेदीखत नोंदवलं, त्याच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून सही मावशीनेच केली.