मानवेल, कामटी आणि पतंगी कागद

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यातल्या कागदकामाला बांबू दोनदा लागतो: एकदा सांगाड्याला आणि एकदा कागदाच्या लगद्याला. या पट्ट्यातले घुग्घुस वर्धा नदीकाठी वसले आहे. इथून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की बल्लारपूर लागते आणि पूर्वेला गडचिरोलीपर्यंत बांबूची राने पसरलेली आहेत. कोळशासाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात कागदाची हकिकत रानापासूनच सुरू करावी लागते.

यातला सांगाडा जुना. बांबूच्या जातींपैकी मानवेल बारीक, जवळजवळ भरीव आणि लवचिक. कटांग जाड आणि काटेरी. बुरूड सूप, टोपली, ताटवे विणतात ते बांबू चिरून, आणि त्याच चिरकामातून कामट्या निघतात. कामटी वाकवून दोऱ्याने बांधली, तिच्यावर खळीने पतंगी कागद चिकटवला की आकाशकंदील तयार होतो. मखराची कमानही याच रीतीने उभी राहते. कागद दिसतो, वाखाणला जातो; त्याला आकार देणारी कामटी मात्र झाकली जाते, म्हणून या कलेत बुरुडांचा वाटा सहसा मोजला जात नाही. विदर्भात या कामाचे सर्वांत भव्य रूप नागपूरला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दिसते. त्या दिवशीच्या मिरवणुकीत मारबतींचे पुतळे असतात; काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. त्यांच्यासोबतचे बडगे नावाचे पुतळे म्हणजे बांबू, कागद, कापड आणि रंग यांचे एकत्र काम. मिश्र माध्यम हा शब्द इथे कोणी वापरत नसले, तरी काम तेच आहे.

कागद मात्र फार काळ बाहेरून येत होता. दख्खनमध्ये दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद बनत असे. ताव वाळवून त्यांना खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे. सजावटीच्या चकचकीत कागदाला मराठीत आजही घोटीव कागद म्हणतात. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हे कारागीर मागे पडले. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याने तिथल्या मगनवाडीत हातकागदाला पुन्हा हात घातला.

बांबूचा लगदा ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. बांबूपासून कागद करणाऱ्या देशी गिरण्यांना १९२५ च्या कायद्याने आयात जकातीचे संरक्षण मिळाले. पुढे १९४५ मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्सची सुरुवात झाली. जागा अचूक होती: पाण्याला वर्धा नदी, इंधनाला जवळचा कोळसा, कच्च्या मालाला बांबू. बांबूचे तुकडे रसायनांत शिजवून त्यांचे तंतू मोकळे केले जातात. हे तंतू लांब असल्याने कागदाला ताकद येते.

या कागदाची किंमत रानाजवळच्या लोकांनीही चुकवली. गिरणीला बांबू सवलतीने मिळत असे, तर बुरुडांना आणि गावकऱ्यांना तोच बांबू सहज मिळत नसे. हा उघड अन्याय होता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

दरम्यान सजावटीत थर्माकोल शिरला होता. कापायला सोपा आणि वजनाला हलका असल्याने त्याने बांबूच्या मखराची जागा घेतली. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकसोबत थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा, कागद आणि कामट्या पुन्हा पुढे आल्या. बल्लारपूरच्या गिरणीच्या मूळ नावातले ‘स्ट्रॉ बोर्ड’ म्हणजे असाच, पिकांच्या काडाचा पुठ्ठा.