गोळीचे टोक

मराठीत 'गोळी' म्हणजे जे गोल ते. औषधाची, लिमलेटची आणि बंदुकीचीही. ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा शब्द तंतोतंत खरा होता, कारण साच्यात शिसे ओतून निघे तो गोलच. पण १८४९च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनिएची टोकदार, बुडाशी पोकळ गोळी आली आणि पुढच्या काही दशकांत गोल गोळी सैन्यांतून हद्दपार झाली. वस्तू बदलली, शब्द मात्र राहिला. आज आपण 'गोळी झाडली' म्हणतो तेव्हा उडते ती गोल नसलेली गोळी. या लहानशा विसंगतीमागे एक मोठा प्रश्न दडला आहे असे आम्हांस वाटते: गोळीचे टोक कसे असावे हे ठरवतो कोण?

ठासणीच्या काळात हा प्रश्न झाडणाऱ्याच्या हातात होता. बार भरायचा, म्हणजे दारू ओतायची, गोळी ठासायची. प्रत्येक वेळी नव्याने. शिकारी आपल्या गोळ्या आपणच ओतत असे. पोर्तुगीजांनी आपल्याला 'पिस्तूल' दिले तसे 'काडतूस'ही दिले, आणि या काडतुसाने गोळी व दारू एका वेष्टनात बांधून निवड हळूहळू कारखान्याकडे नेली. त्या वेष्टनाने काय घडवले हे सांगायला नको. एनफिल्डच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीची अफवा जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथून पसरली. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये ती हकीकत शिपायांच्या तोंडून ऐकून नोंदवली आहे. १९०७ साली छापून आलेल्या या पुस्तकाकडे आपण प्रवासवर्णन म्हणून पाहतो. एका काडतुसाच्या बांधणीने समाज कसा हादरला याची मराठीतली ती एक मोलाची साक्षही आहे, याकडे वर्गात क्वचितच लक्ष वेधले जाते.

योगायोग असा, की चाळीस वर्षांनी त्याच दमदमने जगाला आणखी एक शब्द दिला. १८९५च्या चित्रळ मोहिमेत नव्या .३०३ रायफलची, पूर्ण कवचाची गोळी अंगातून आरपार जाते पण शत्रूला थोपवत नाही, अशी तक्रार झाली. दमदमच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी कवचाचे टोक उघडे ठेवले. आतले मऊ शिसे शरीरात पसरू लागले. हीच 'दमदम गोळी'. त्याच सुमारास, १८९८ साली, वेबली रिव्हॉल्व्हरसाठी सपाट, पोकळ तोंडाची .४५५ गोळीही निघाली. १८९९च्या हेग परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा झाला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. 'असंस्कृत' शत्रू साध्या गोळीने थांबत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे गोळीचे टोक कसे असावे हे समोरच्या माणसाच्या वर्णावरून ठरायचे! ब्रिटनने त्या जाहीरनाम्याला संमती दिली ती १९०७मध्ये.

मात्र सगळेच नीतीने किंवा साम्राज्याने ठरवले असे मानणे भाबडेपणाचे होईल. यंत्राचाही हट्ट असतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. हे स्वयंचलित पिस्तूल रिव्हॉल्व्हरसारखे नाही. त्यात प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून सरकत उतारावरून नळीत शिरते. मऊ, सपाट शिसे तिथे अडते. म्हणून गोल टोकाची, कवच चढवलेली गोळी हीच त्याची स्वाभाविक गोळी.

हीच सपाट गोळी पुढे खेळात मात्र सन्मानाने नांदली. तिला 'वॅडकटर' म्हणतात. कागदी लक्ष्यावर ती स्वच्छ वाटोळे भोक पाडते, गुण मोजताना वाद होत नाहीत. अंधेरी-मुलुंडची मुले दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करतात तेव्हा त्यांच्या हातातला अर्ध्या ग्रॅमचा छर्राही सपाट तोंडाचाच असतो. माणसाला थोपवण्यासाठी योजलेल्या गोळीशी तिचे साम्य पाहून आम्हांस अस्वस्थ वाटले. आकार जवळपास तोच, फक्त समोर कागद आहे.

युद्धात निषिद्ध ठरलेली पसरणारी गोळी अनेक देशांचे पोलीस वापरतात, कारण ती सहसा आरपार जात नाही. घाटकोपर स्थानकाच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी डोळ्यांसमोर आणली, की हा युक्तिवाद निव्वळ क्रूर म्हणून झटकता येत नाही. आर्डांचा तर्क नाकारणाऱ्यालाही इथे थांबून विचार करावा लागतो.

अमेरिकेतला हौशी नेमबाज रिकामी पुंगळी पुन्हा भरताना गोळीचे टोक स्वतः निवडतो. ठासणीच्या काळाचा तो दूरचा वारस. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे, आणि तसे असणे आम्हांस योग्यच वाटते. त्यामुळे उपनगरी वाचकाला गोळी भेटते ती वर्तमानपत्रात: 'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त'. (निर्जीव वस्तूला 'जिवंत' म्हणणारी ही पोलिसी मराठी एखाद्या अभ्यासकाने खरोखरच तपासावी.) पुष्कळदा त्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ ७.६५' असे कोरलेले असते. 'केएफ' म्हणजे १८६९ सालचा खडकीचा कारखाना, आणि ७.६५ हे माप ब्राउनिंगच्याच पिस्तुलाचे. तपासाला लागलेली गोळी मग सांताक्रूझच्या कालिन्यातील न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. नळीतल्या आट्यांचे ओरखडे तिच्यावर उमटलेले असतात. कवचावर ते टिकतात, मऊ शिसे मात्र आदळून चेपते आणि त्याच्यावरचे अक्षर पुसट होते.