गोगलगाय आणि दोन रॉबर्ट

तिवस्यातल्या एखाद्या घरी नवा फिश टँक आला की पहिले काही दिवस सगळे टीव्ही सोडून त्याच्याकडेच बघत बसतात. मग एका सकाळी काचेवर मोहरीएवढा ठिपका दिसतो. चार दिवसांत दहा, पुढे मोजदादच सुटते. गोगलगायी! दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानांना त्यांची अंडी चिकटून आलेली असतात. मित्र म्हणतो, "औषध टाक ना बे, एका दिवसात साफ होते." कपाशीच्या पट्ट्यात वाढलेल्यांना हा सल्ला लगेच पटतो. अळी दिसली की पंप पाठीवर, ही आपली सवयच.

पण टँकच्या इतिहासात गोगलगाय आली ती मुद्दाम बोलावून.

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात पाणी भरलं, दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही रिबनसारख्या पानांची वनस्पती लावली. पाणी न बदलता मासे जगवता येतात का, हे त्याला बघायचं होतं. माशांचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल, वनस्पतीचा ऑक्सिजन मासे घेतील, असा साधा हिशेब. पण जुनी पानं कुजली आणि पाणी गढूळ झालं. तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि काचेतले मासे हा तिथे घरोघरचा छंद झाला.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक गोष्ट मात्र राहून गेली होती. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो पाण्यात साठला तर त्याच्यासाठी विष. मग तो जातो कुठे?

या उत्तराचा मोठा भाग त्याच्या मुलाने शोधला, तोही टँकमध्ये नाही, मातीत. मुलाचं नावही रॉबर्टच. रोथॅमस्टेडच्या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात त्याने दाखवलं की जमिनीतल्या अमोनियाचं रूपांतर दोन टप्प्यांत होतं: एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू वेगळे काढणं त्याला साधलं नाही. ते १८९० मध्ये सर्गेई विनोग्रादस्कीने केलं.

तिवस्याच्या काळ्या रानात शेणखतातला नायट्रोजन कपाशीला मिळतो तो असल्याच जिवाणूंमुळे. त्यांचेच भाऊबंद तुमच्या फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडले की ते मरतात, आणि आपण दुकानदाराला दोष देतो.

आता त्या औषधाकडे परत येऊ. गोगलगायी मारणाऱ्या अनेक औषधांत तांबं असतं. शेकडो गोगलगायी एका रात्रीत मेल्या की वाळूत, झाडांत अडकून कुजतात. अमोनिया एकदम वाढतो, जिवाणूंना तो आवरत नाही, आणि सकाळी मासे वर तरंगताना दिसतात. कीड गेली आणि पीकही गेलं.

गोगलगायी वाढल्या याचा अर्थ एवढाच, की त्यांना खायला भरपूर मिळतंय. म्हणून माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. रात्री काकडीची चकती टाका, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट बाहेर काढा. नवी वनस्पती आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून निरखा. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाचं असेल तर त्यातला क्लोरीन आधी घालवा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. क्लोरीनने जिवाणू मरतात.

आणि काढलेल्या गोगलगायी किंवा नकोसे मासे नाल्यात सोडू नका. तिथलं पाणी उतरत उतरत कौंडण्यपूरच्या वर्धेला मिळू शकतं. टँकमध्ये चकती टाकून गोगलगायी वेचता येतात, नदीत येत नाहीत.

चार-दोन गोगलगायी मात्र काचेवर राहू द्या. थोरल्या रॉबर्टने त्यांना कामावर ठेवलं होतं, ते काम अजून संपलेलं नाही.