सच्छिद्रता, ओतीव वस्तूंतील : वसईच्या घंटांपासून ॲल्युमिनियमपर्यंत

धातूचा रस साच्यात गोठत असता त्याच्या अंतरंगात पोकळ्या राहतात, या दोषास सच्छिद्रता म्हणतात. तिचे मूळ साच्याइतकेच मिश्रधातूच्या घटनेत असते. महाराष्ट्रातील नामांकित ओतीव वस्तूंपैकी वसईच्या (पालघर जिल्हा) घंटा या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा निरनिराळ्या देवालयांत गेल्या. नासिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१, तर वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे वर्ष आढळते.

पंचधातूमुळे, विशेषतः चांदीमुळे, घंटेस नाद येतो ही समजूत लोकप्रिय असली, तरी ग्राह्य नाही. यूरोपीय घंटांत सामान्यतः तांबे सु. ७८% व कथिल सु. २२% असे. नादाखेरीज या प्रमाणाचा आणखी एक लाभ आहे. १०% कथिलाचे कासे सु. १५०° से. एवढ्या मोठ्या पल्ल्यात गोठते. तोवर ते चिखलासारखे अर्धवट घट्ट राहते, स्फटिकांच्या फांद्यांमधून रस पुढे पोहोचत नाही आणि सूक्ष्म छिद्रे सर्वत्र विखुरतात. कथिल २२% झाले की हा पल्ला निम्म्याच्या आसपास येतो. ठिसूळपणा वाढतो खरा. पण छिद्रे कमी राहिल्याने नाद लवकर विरत नाही. हे गणित ओतारी अनुभवानेच जाणत.

१८८६ मध्ये हॉल व एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत् विच्छेदन पद्धतीने ॲल्युमिनियम स्वस्त झाले, तेव्हा हाच प्रश्न अधिक बिकट रूपात उभा राहिला. गोठताना हा धातू सु. ६·५% आकसतो, शिवाय ६६०° से. ला रसातील हायड्रोजनाची विद्राव्यता सु. विसाव्या हिश्श्यावर येते व सुटलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. प्रारंभीच्या मोटारींच्या भागांत ८% तांब्याची मिश्रधातू रूढ होती. तांब्याने बळकटी येते, परंतु गोठण्याचा पल्ला लांबतो. याउलट सु. १२% सिलिकॉनाची मिश्रधातू ५७७° से. च्या आसपास जवळजवळ एकदम गोठते आणि सिलिकॉन स्वतः गोठताना प्रसरण पावत असल्याने आकुंचनही घटते. मात्र तिची जाड स्फटिकरचना तिला भंगुर करी. १९२० च्या सुमारास आलादार पात्स यांनी अल्प सोडियमाने ही रचना सूक्ष्म करून दाखविली. त्या उपचाराने एकवटलेली मोठी पोकळी टळते. पण बारीक छिद्रे विखुरतात, म्हणून ओतण्यापूर्वी रसातून नायट्रोजन वा आर्गॉन सोडून हायड्रोजन काढून टाकावा लागतो.