घोडा शिकतो कीं स्वार?

घोड्याला शिकवून तयार करणाऱ्या माणसाला आपल्याकडे चाबूकस्वार म्हणत. हा शब्द उच्चारतांच हातांत कोरडा घेतलेला एक उग्र पुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो. वास्तविक ज्या फारसी भाषेंतून तो आपल्याकडे आला, तिच्यांत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तरबेज. आणि चाबुकस्वार म्हणजे स्वारींत निष्णात असलेला मनुष्य. मराठी कानाला मात्र त्यांत फटक्याचाच आवाज ऐकूं आला. यांत कानाचा फारसा दोष नाहीं. माणसानें घोड्याला दिलेल्या शिक्षणाचा इतिहास उघडला, कीं चपळाईचीं पानें थोडीं आणि फटक्यांचीं फार, असाच अनुभव येतो. आज मी त्यांतलीं तीं थोडीं पानें आपल्यापुढें उलगडणार आहें.

विषय युरोपांत वाढलेल्या दोन विद्यांचा आहे. पहिलीला ड्रेसाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ साधा आहे: शिकवून तयार करणें. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा रिंगणांत घोडा स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या खुणांवर चाल बदलतो, तिरका चालतो, एकाच जागीं दुडकी धरतो. दुसरी विद्या अडथळ्यांवरून उडी घेण्याची. दोहोंच्या मुळाशीं प्रश्न मात्र एकच येतो: शिकावयाचें कोणीं, घोड्यानें कीं त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसानें?

आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेली अश्वशास्त्राची परंपरा फार जुनी आहे, आणि बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त घोडे फिरविण्याच्या क्रीडेचें सविस्तर वर्णन आहे, पण तो एका निराळ्या व्याख्यानाचा विषय होईल. युरोपापुरतें बोलावयाचें, तर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन यानें स्वारीवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. ग्रीक स्वाराला रिकीब ठाऊक नव्हती. केवळ मांडीच्या आधारें घोड्यावर बसणाऱ्या माणसाला घोड्याशीं भांडण परवडत नाहीं, म्हणूनच कीं काय, झेनोफनचा उपदेश विलक्षण सौम्य आहे. रागाच्या भरांत घोड्याजवळ जाऊं नये, त्यानें ऐकलें कीं लगेच त्याला विसावा द्यावा, आणि बळजबरीनें करविलेल्या कामांत शोभा कधींच येत नाहीं, असें त्याचें मत होतें.

हें शहाणपण पुढें जवळजवळ लोपलें. चिलखतांतल्या वजनदार वीरांना घोडा सरळ शत्रूवर घालावयाचा असे. त्यांच्या लगामांचे लोखंडी दांडे आज संग्रहालयांत पाहिले तरी अंगावर कांटा येतो. मग सोळाव्या शतकांत इटलीमध्यें घोडा पुन्हा रिंगणांत आला. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने यानें १५५० सालीं आपला ग्रंथ छापला आणि थोड्याच काळांत त्याचीं भाषांतरें युरोपभर गेलीं. घोड्याच्या अंगच्या शक्तीला वळण लावून तिच्यांतून डौल काढतां येतो, हें त्यानें पुन्हा सांगितलें. तें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु अडून बसणाऱ्या घोड्याच्या मागून लांब काठीच्या टोकाला बांधलेली जिवंत मांजर पुढें करावी, असाही उपाय त्याच ग्रंथांत आहे! घोडा हा दुष्ट बुद्धीनें अडतो, ही त्यामागची समजूत. घोड्याला भीति वाटत असेल, किंवा सांगितलेलें समजलेंच नसेल, ही शंका त्या काळच्या शिक्षकाला क्वचितच शिवे.

ती शंका शिवली आंत्वान द प्ल्युव्हिनेल या फ्रेंच सरदाराला. त्याचें स्वतःचें शिक्षण नेपल्सलाच झालेलें. १५९४ सालीं त्यानें पॅरिसमध्यें सरदारपुत्रांसाठीं शाळा काढली. पुढें फ्रान्सचा सर्वाधिकारी मंत्री झालेला रिशल्यू हा तिच्यांतलाच एक विद्यार्थी. बालराजा तेरावा लुई यालाही प्ल्युव्हिनेलनेंच स्वारी शिकविली, आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपांत लिहिलेला त्याचा ग्रंथ १६२० मध्यें तो वारल्यानंतर तीन वर्षांनीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक घोड्याचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकाला शिकविण्याची रीतही वेगळी. आणि मारापेक्षां बुद्धीला आवाहन करावें, हें त्याचें म्हणणें. राजाला घोडा शिकवितां शिकवितां राज्य कसें करावें हेंही तो सुचवीत होता कीं काय, असा संशय वाचकाला आल्यावांचून राहत नाहीं.

या मार्गाचा कळस फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर यानें चढविला. १६८८ मध्यें जन्मलेला हा गृहस्थ त्वीलरीच्या राजवाड्यांतील अश्वशाळेचा प्रमुख होता. त्याचें नांव आज घेतलें जातें तें मुख्यतः एका साध्या दिसणाऱ्या अभ्यासासाठीं. घोडा भिंतीच्या कडेनें चालत असतांना स्वार त्याचे खांदे किंचित् आंतल्या बाजूला आणतो. मागचें अंग भिंतीलाच लागून राहतें. अशा स्थितींत पुढें जातांना आंतल्या बाजूचा मागचा पाय पोटाखालीं ओढून टाकावा लागतो, त्याचे सांधे वांकतात आणि त्याच्यावर भार येतो. एवढ्याशा गोष्टीचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. घोडा नुसता उभा असतांना त्याच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग पुढच्या पायांवर असतो. डोकें आणि मान तिकडेच आहेत. त्यांत स्वार बसला कीं पुढचें ओझें आणखी वाढतें, आणि घोडा लगामावर जड होतो. लगाम खेंचून तो हलका होत नाहीं. मागचे पाय ओझें उचलूं लागले तरच होतो. म्हणजे तोंडाशीं झगडून जें शेंकडों वर्षें साधलें नाहीं, तें ला गेरिनिएरनें मागच्या पायांतून साधलें. आपल्याकडे घोड्याला वर्तुळांत फिरविण्यास कावा देणें म्हणतात, त्यांतही आंतल्या पायाला असेंच काम पडतें. पण ला गेरिनिएरनें त्याची पायरीपायरीनें व्यवस्था लावून दिली.

व्हिएन्नाची ‘स्पॅनिश’ अश्वशाळा आजही त्याच ग्रंथाला प्रमाण मानते. तेथील स्वारीचा दिवाणखाना १७३५ सालीं पुरा झाला. त्याच्या झुंबरांखालीं जे पांढरेशुभ्र लिपिझानर घोडे चालतात ते जन्मतः काळपट असतात आणि कित्येक वर्षांनीं पांढरे होतात. त्यांचें शिक्षणही तितकीच वर्षें घेतें.

येथवर उडीचें नांव निघालें नाहीं, कारण रिंगणाला तिची विशेष गरजच नव्हती. उडीची गरज उत्पन्न केली ती इंग्लंडच्या शेतांनीं. अठराव्या शतकांत तेथील मोकळीं रानें कायद्यानें वांटून कुंपणें घातलीं गेलीं, आणि कोल्ह्याच्या मागें भरधाव जाणाऱ्या शिकाऱ्यापुढें पावलोपावलीं वई नाहीं तर खंदक उभा राहूं लागला. उडी मारतांना हे शिकारी पाय पुढें ताणीत, धड मागें रेलीत आणि लगाम धरून ठेवीत. घोडा उतरतांना त्याच्या पुढच्या पायांवरचा भार आपण मागें रेलल्यानें हलका होतो, अशी सर्वांची समजूत होती. घोडदळाच्या शाळांतूनही हेंच शिकवीत.

ही समजूत खोटी ठरविणारा माणूस फेदेरिको काप्रिल्ली. त्याचा जन्म १८६८ सालीं इटलींतील लिव्होर्नो येथें झाला. घोडदळांत अधिकारी होऊन तो पिनेरोलोच्या व रोमजवळील तोर दि क्विंतोच्या लष्करी अश्वशाळांत शिक्षक झाला. त्यानें केलें तें इतकेंच, कीं पाठीवर कोणी नसलेला घोडा उडी कशी मारतो हें नीट पाहिलें. असा घोडा अडथळ्यावरून जातांना मान पुढें व खालीं लांबवितो, पाठ कमानीसारखी वर घेतो, आणि उतरतो तो पुढच्याच पायांवर. त्याला दुसऱ्या रीतीनें उतरतांच येत नाहीं. आतां त्याच्या पाठीवर मागें रेललेला स्वार बसवून पाहा. पाठ वर यावयाची त्या क्षणीं माणसाचें सगळें वजन कमरेवर आदळतें. मान लांबवावयाची त्या क्षणीं तोंडांतलें लोखंड दांत नसलेल्या नाजूक हिरडीवर हिसका देतें. पुढच्या खेपेस घोडा अडथळ्यापुढें थबकतो. उडीचें त्याला भय नसतें. उडीबरोबर येणारी वेदना त्याच्या लक्षांत राहिलेली असते. स्वार म्हणतो, घोडा हट्टी आहे, आणि टांच मारतो. ग्रिझोनेच्या मांजरीला साडेतीनशें वर्षें होऊन गेलीं होतीं, पण समजूत तीच होती.

काप्रिल्लीनें औषध रोग्याला न देतां वैद्यालाच दिलें. रिकिबी आंखूड करा, उडीच्या वेळीं बैठक खोगिरावरून उचला, धड पुढें झुकवा, आणि घोड्याचें तोंड जिकडे जाईल तिकडे हात जाऊं द्या. घोड्याला उडी शिकवावी लागत नाहीं. त्याच्या आड येऊं नका म्हणजे झालें. पक्की मांड ठोकून बसणें हीच मर्दुमकी मानणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांना ही रीत केवळ विचित्र वाटली. १९०१ सालीं घोडदळाच्या नियतकालिकांत त्यानें आपलीं तत्त्वें मांडलीं. तो काय लिहितो याहून तो कोणासाठीं लिहितो हें मला अधिक मोलाचें वाटतें. त्याच्यापुढें सरदारपुत्र नव्हते. ठराविक मुदतीपुरते पलटणींत आलेले शेतकऱ्यांचे मुलगे आणि सरकारी पागेंतले सामान्य घोडे त्याच्यापुढें होते, आणि रिंगणांतील दीर्घ शिक्षणाला त्यांच्यापाशीं वेळ नव्हता. दुसऱ्याच वर्षीं, १९०२ मध्यें, तुरिन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत मेलोपो नांवाच्या घोड्यावरून त्यानें २.०८ मीटर उंचीचा अडथळा ओलांडला, तेव्हां पुष्कळांचीं तोंडें बंद झालीं. १९०७ च्या डिसेंबरांत तुरिनलाच घोड्यावरून पडून त्याचा अंत झाला. वय अवघें एकोणचाळीस.

त्याची रीत मात्र शिष्यांच्या पाठीवर बसून दूरवर गेली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें इटलीच्या तोमासो लेक्विओनें उडीचें सुवर्णपदक जिंकलें. पिनेरोलोला शिकलेला रशियन अधिकारी पॉल रोद्झियांको पुढें आयर्लंडच्या लष्करी अश्वशाळेंत शिक्षक झाला. अमेरिकेचा हॅरी चेंबरलिन इटलींत शिकून परतला. आज जगांत कोठेंही उडीची स्पर्धा पाहा, खोगिरावरून उचललेली ती बैठक काप्रिल्लीचीच असते.

एका बाबतींत मात्र काप्रिल्लीशीं सहमत होणें कठीण आहे. रिंगण आणि मैदान यांचें हाडवैर आहे असें तो मानी. अनुभव तसा नाहीं. अडथळे एकामागून एक आणि वळणावळणावर येऊं लागले, तेव्हां पावलें लहानमोठीं करणारा, खुणेसरशीं वळणारा घोडा लागूं लागला. आणि तें शिक्षण ला गेरिनिएरच्या भिंतीशींच मिळतें. आजचे उडीचे शिक्षक घोड्याला दोन्ही गुरूंकडे पाठवितात. अर्थात् प्रत्येक घोडा दोन्हींकडे रमतोच असें नाहीं. चिलीमधील वासो हा घोडा शर्यतींत चालला नाहीं, रिंगणांतील शिक्षणांतही चालला नाहीं. त्याच वासोनें ५ फेब्रुवारी १९४९ रोजीं कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल याला पाठीवर घेऊन तिसऱ्या प्रयत्नांत २.४७ मीटर उंच उडी घेतली. तो उच्चांक अद्याप कोणी मोडलेला नाहीं.

घोड्यानें काय शिकावें याचा निकाल असा हळूहळू लागला. परंतु घोड्यावर कोणीं बसावें याचा निकाल लागावयास आणखी वेळ गेला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें ड्रेसाजला प्रथम स्थान मिळालें. त्या वेळीं ड्रेसाजच्या घोड्यालाही कांहीं अडथळे ओलांडावे लागत, आणि त्यांत समोरून गडगडत येणारें एक पीपही असे! स्पर्धक मात्र कमिशन मिळालेले लष्करी अधिकारी किंवा हौशी सभ्य गृहस्थ असेच असावेत, असा दंडक पडला. पागेंत पहांटेपासून घोडे तयार करणारा साधा सार्जंट पोटासाठीं स्वारी करतो, म्हणून तो बाद. स्त्रियांचें तर नांवच नको. १९४८ सालीं लंडनला स्वीडनच्या संघानें ड्रेसाजचें सुवर्णपदक मिळविलें. त्यांतला गेह्नाल पेर्सन हा मूळचा सार्जंट. स्पर्धेपुरता त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा दिला होता आणि स्पर्धा संपतांच तो काढून घेतला. ही गोष्ट उघडकीस आली, आणि १९४९ मध्यें सगळ्या संघाचें पदक काढून फ्रान्सला देण्यांत आलें. घोड्यानें टाकलेलें एकही पाऊल चुकलें नव्हतें. चुकला होता तो स्वाराच्या खांद्यावरचा पट्टा. या प्रकरणाची शरम इतकी झाली कीं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वीं नियमच बदलला. पेर्सन पुन्हा उतरला आणि स्वीडननें पुन्हा सुवर्णपदक घेतलें, या वेळीं कायमचें.

त्याच बदललेल्या नियमानें हेलसिंकीला ड्रेसाजच्या रिंगणांत स्त्रियाही आल्या. त्यांतली एक डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ सालीं, तेवीस वर्षांची असतांना आणि पोटांत मूल असतांना, तिला पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मलें. आईचे पाय गुडघ्यांखालीं कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास तिला दुसऱ्याचें साह्य लागे. आतां विचार करा, स्वार घोड्याशीं बोलतो तो मुख्यतः पोटऱ्यांनीं, आणि हिच्या पोटऱ्या मुक्या झालेल्या! तिनें ज्युबिली नांवाच्या घोडीला वजनाचा आणि पाठीच्या कण्याचा अगदीं बारीक कल ओळखावयास शिकविलें. आणि तो कल नेमका देण्यास स्वतःही शिकली. हेलसिंकीला त्या दोघींना रौप्यपदक मिळालें. सुवर्णपदक मिळविणाऱ्या स्वीडनच्या हेन्री सेंट सिरनें तिला हात देऊन पदकाच्या चौथऱ्यावर चढविलें. चार वर्षांनीं, १९५६ मध्यें, तिनें पुन्हा रौप्यपदक घेतलें.

व्हिएन्नाच्या त्या जुन्या शाळेनें मुलींना शिकाऊ स्वार म्हणून घेण्यास मात्र २००८ साल उजाडूं दिलें. आणि २०२३ च्या सप्टेंबरांत चीनमधील हांगचौ येथें भरलेल्या आशियाई स्पर्धांत ड्रेसाजचें सांघिक सुवर्णपदक भारतानें जिंकलें. १९८२ नंतर अश्वारोहणांत आपल्याला मिळालेलें तें पहिलेंच सुवर्णपदक. संघांत दोन तरुण आणि दोन तरुणी: मुंबईचा हृदय छेडा, इंदूरची सुदीप्ती हजेला, आणि त्यांच्यासह दिव्यकृति सिंह व अनुष अग्रवाल. या चौघांनींही घर सोडून युरोपांत राहून हें शिक्षण घेतलें होतें, आणि त्यांचे घोडेही तिकडचेच होते.